चाळीसपैकी नऊ

“मार्कांसाठी पोरीला वेडी ठरवायला निघालात?”

डॉक्टरांनी हे हळू आवाजात विचारलं नाही. दार उघडं होतं. बाहेर बाकांवर आणि भिंतीला टेकून माणसं होती. आत जाताना मी मोजली होती, सतरा. त्या सतरा जणांनी ऐकलं. माझ्या लेकीनंही ऐकलं, असं मला तेव्हा वाटलं. ती माझ्या शेजारी स्टुलावर बसली होती. पाठ ताठ, हात मांडीवर, ओढणीला दोन्ही बाजूंनी पिन. मी शिकवलं होतं तशी.

“खरे अपंग बाहेर रांगेत बसलेत, ताई. त्यांच्या वाटणीचं ओढू नका. माझा मुलगापण घाबरतो परीक्षेला. त्याला देऊ का सर्टिफिकेट?”

“नाही, साहेब.”

“मग? मुलगी नमस्कार करते, डोळ्यांत बघून बोलते, विचारलं तेवढंच नीट सांगते. गावाकडं ही नवीन टूम कुठून आली? उद्या लग्न करायचंय ना हिचं? असला कागद घरात ठेवून कोण करणार?”

मी म्हणाले, “बरं, साहेब.”

त्यांनी कागदावर लिहिलं, शिक्का मारला आणि कागद माझ्याकडं सरकवला. शेवटच्या ओळीत एक शब्द मला वाचता आला. नॉर्मल.

भिंतीवर घड्याळ होतं. आत गेलो तेव्हा अकरा वाजून बेचाळीस मिनिटं झाली होती. बाहेर आलो तेव्हा अकरा एकोणपन्नास. सात मिनिटं. त्यांच्यासमोरच्या छापील कागदावर चाळीस प्रश्न होते, शेवटचा आकडा मला उलट्या बाजूनंही दिसत होता. त्यांनी नऊ विचारले. मी मोजले. मोजायची सवय आहे मला, ती माझी भाकरी आहे.

दवाखान्याचं नाव मी इथं लिहीत नाही. लेकीचंही लिहीत नाही. तिचं नाव तिनं स्वतः लिहायचं, तिला वाटेल तेव्हा.

मी पारनेर तालुक्यातल्या एका गावात दूध संकलन केंद्रावर काम करते. एकोणीस वर्षं झाली. सकाळी सहा ते आठ आणि संध्याकाळी तेवढंच. कॅन उघडायचा, दूध हलवायचं, नमुना घ्यायचा, मशीनला लावायचा, फॅट किती आली ते वहीत लिहायचं. मशीन जे दाखवील तेच. “ताई, एक पॉइंट वाढवा की, म्हशीची शप्पथ,” असं म्हणणारे रोज दोन-तीन असतात. एकदा माझ्या सख्ख्या दिरानं आणलेल्या दुधात पाणी निघालं, ते मी सगळ्यांसमोर परत पाठवलं. सहा महिने तो आमच्याकडं जेवायला आला नाही. पण गावात कुणी म्हणणार नाही की या बाईनं कुणाच्या नमुन्यात फेरफार केला.

आणि मी केला. माझ्या लेकीच्या.

ती अकरावीला सायन्सला गेली, तालुक्याच्या कॉलेजात. दहावीला बरे मार्क होते, कारण दहावीच्या परीक्षेला गावच्याच शाळेतला कोपऱ्यातला बाक तिला मिळाला होता, खिडकीखालचा. हे मला तेव्हा कळलं नव्हतं. मला वाटलं, अभ्यासानं मिळाले. अकरावीला भौतिकशास्त्राचा पेपर सत्तर मार्कांचा होता. तिनं एकतीस मार्कांचं लिहिलं, पुढं कोरं. एकतीसपैकी एकतीस मार्क मिळाले. वर्गशिक्षक म्हणाले, आळशी आहे. घरी हे म्हणाले, “मोबाईल काढून घे तिचा.” मी काढून घेतला.

तिच्या जीवशास्त्राच्या मॅडमनी मला बोलावलं. वय असेल सत्तावीस-अठ्ठावीस, कायमच्या झाल्या नव्हत्या, तासिकेवर होत्या. त्या म्हणाल्या, “ताई, ही पेपर अर्धा टाकून का बसते, कधी विचारलंत?”

विचारलं नव्हतं. रागावले होते. विचारणं राहून गेलं होतं.

घरी येऊन विचारलं. लेक म्हणाली, “पंखा हाय तिथं. दर फेरीला एकदा करकरतो. मी मोजत बसते, मम्मी. थांबताच येत न्हाई. आन सर चप्पल घासत चालत्यात. पंखा आन चप्पल एकदम आली की मला प्रश्न दिसतच न्हाईत.”

दुसऱ्या दिवशी कॉलेजात जाऊन हे मॅडमना सांगितलं, तेव्हा त्यांनी तो शब्द सांगितला. ऑटिझम. मराठीत स्वमग्नता. मी म्हणाले, ती मुलं तर बोलत नाहीत ना? मॅडम म्हणाल्या, सगळीच तशी नसतात. मुली तर लवकर ओळखूच येत नाहीत, कारण त्या लपवायला शिकतात. तपासून घ्या. कागद मिळाला तर बोर्डाच्या परीक्षेला वेगळी खोली मिळते, जादा वेळ मिळतो. हक्क आहे तो, मेहेरबानी नाही.

मला तर एवढंच हवं होतं. पंखा न करकरणारी एक खोली. बाकी अभ्यास तिचा ती करते.

कॉलेजातून परतताना जीपमध्ये मला एकेक आठवत गेलं. बालवाडीत घंटा झाली की ती बाकाखाली शिरायची. भाजीला टेकलेली भाकरी ती खात नाही, अजूनही. ताटात दोन बोटांचं अंतर ठेवावं लागतं. कुकर लावायच्या आधी मी ओरडून सांगते, म्हणजे ती मागच्या दारी जाते. माझ्या केंद्रावर ती कधीच आली नाही, कॅनचा आवाज सहन होत नाही म्हणून. नवीन कपड्याच्या मानेजवळची पट्टी मी आधी कात्रीनं काढते. सतरा वर्षं मी हे सगळं करत होते आणि त्याला काही नाव असेल असं मला वाटलं नव्हतं. मला वाटायचं, नाजूक आहे.

पाहुणे आले की काय बोलायचं तेही मीच शिकवलं होतं. तीन वाक्यं. ‘या मावशी. बसा. पाणी आणते.’ ती पाणी आणायची, हसायची आणि आत जाऊन गोधडीत तोंड घालून बसायची. पाहुण्या म्हणायच्या, “किती शहाणी गं पोरगी!” मला बरं वाटायचं.

ती बारावीत गेली. तपासणीची तारीख मिळायला जून ते सप्टेंबर लागलं. तीन फेऱ्या मारल्या. एकदा साहेब रजेवर होते, एकदा फॉर्म संपले होते, एकदा आधार कार्डावरच्या नावात एक अक्षर चुकलं होतं. शेवटी तारीख मिळाली, चौदा दिवसांनंतरची. आणि त्या चौदा दिवसांत मी जे केलं ते इथं लिहायचं आहे. त्यासाठीच लिहायला बसले.

माझं बघणं झालं तेव्हा मी अठराची होते. आईनं मला आठवडाभर तयार केलं होतं. पोह्यांची ताटली दोन्ही हातांनी धरायची. कुणी विचारलं तरच बोलायचं. “वर बघ, मनात पाच मोज, मग खाली बघ. लई टाईम बघितलं तर आगाव म्हनत्यात, न्हाई बघितलं तर खुळी म्हनत्यात.” त्या दिवशी एका म्हाताऱ्यानं मला सुईत दोरा ओवायला लावला, नजर बघायला. एका बाईनं अंगणात चालून दाखव म्हणून सांगितलं. मी चालून दाखवलं. पाच मोजून वर बघितलं. संध्याकाळी निरोप आला, मुलगी पसंत आहे. आई देवापुढं बसून रडली.

आमच्याकडं मोठ्या माणसापुढं माणूस असंच नेतात. तलाठ्याकडं जायचं असलं तरी धुतलेला शर्ट घालतात. मुलीला डॉक्टरकडं नेताना मला दुसरं काही सुचलंच नाही. मला वाटलं, साहेबांना पोरगी चांगल्या घरातली दिसली, नीट बोलली, तर ते आपलं काम करतील. वेडीवाकडी बसली, उत्तरं दिली नाहीत, तर हाकलून देतील.

म्हणून चौदा दिवस रोज रात्री केंद्रावरून आल्यावर मी डॉक्टर व्हायचे. कपाटाच्या आरशापुढं तिला उभी करायचे. नमस्कार कर. बस. नाव सांग. वर बघ, पाच मोज, मग टेबलाकडं बघ, परत वर. पहिल्या दिवशी तिला दोनपर्यंतसुद्धा जमेना. डोळ्यांत पाणी यायचं. म्हणाली, “मम्मी, डोळ्यात बघितलं की ऐकू येत न्हाई मला.” मी म्हणाले, “सवयीनं येतं. मला आलं.” नवव्या दिवशी ती पाचपर्यंत पोचली. मी तिला जवळ घेतलं. तिला जवळ घेतलेलं आवडत नाही, तरी घेतलं.

तेराव्या दिवशी तिच्या डाव्या मनगटावर दात उमटलेले दिसले. चार खालचे, चार वरचे. मी हळद लावली आणि लांब बाह्यांचा ड्रेस काढून ठेवला.

तर तो ड्रेस घालून ती त्या स्टुलावर बसली होती. साहेबांनी नाव विचारलं. तिनं वर बघितलं. मला तिचे ओठ हलताना दिसत होते. एक, दोन, तीन, चार, पाच.

दवाखान्यातून बाहेर पडलो. स्टँडवर आलो. गाडीला वेळ होता. दोन एसट्या एकदम सुरू झाल्या, कुणीतरी पत्र्यावर थापा मारत “पारनेर, पारनेर” ओरडलं आणि ती पाण्याच्या टाकीशेजारी खाली बसली. ओल्या फरशीवर. कानांवर दोन्ही हात. मग हात काढून मनगट तोंडात घातलं. बायका बघायला लागल्या. एक म्हणाली, “अंगात आलं व्हय हिच्या?” दुसरी म्हणाली, “चप्पल हुंगवा.” मी माझा पदर तिच्या डोक्यावर धरून उभी राहिले. बावीस मिनिटं. आमची गाडी समोरून गेली.

मग ती उठली. तोंड पुसलं. आणि मला विचारलं, “मम्मी, मी नीट केलं ना? एकदाबी चुकले न्हाई. पाच-पाच मोजून बघितलं त्यांच्याकडं. मिळंल ना आता खोली?”

तिला कळलं नव्हतं. साहेबांचे शब्द तिला ऐकूच आले नव्हते नीट. डोळ्यांत बघितलं की ऐकू येत नाही, हे तिनं मला आधीच सांगितलं होतं.

मी म्हणाले, “लई चांगलं केलंस.”

ते खरंच होतं. चौदा दिवसांत तिनं जे कष्ट केले तेवढे मी आयुष्यात कशासाठी केले नसतील. आणि ते सगळे तिच्याच विरोधात गेले. तिच्या शांत बसण्यात मी स्वतःच्या हातानं पाणी ओतलं होतं आणि तो नमुना मशीनला लावला होता. मशीननं दाखवलं, नॉर्मल. म्हणजे पसंत.

घरी कागद दाखवला तर हे म्हणाले, “नॉर्मल म्हनले ना? मग देव पावला. आता गप बस.” त्यांना आनंदच झाला होता. त्यात त्यांची चूक म्हणता येणार नाही. कुठल्या बापाला होणार नाही?

नोव्हेंबरात कॉलेजात बोर्डाचे फॉर्म भरून घेत होते. तेव्हा फलकावर एक यादी लागली, कुणाला परीक्षेत काय सवलत, त्याची. एकच नाव होतं. संस्थेच्या एका विश्वस्तांचा नातू. स्वतंत्र खोली, जादा वेळ. मी स्पष्ट लिहिते, त्या पोराला मिळालं ते बरोबर मिळालं. मी त्याला बघितलंय. शिट्टी वाजली की तो माझ्या लेकीसारखाच भिंतीला चिकटतो. फरक एवढाच की त्याचे घरचे त्याला पुण्याला घेऊन गेले होते, आणि तिथं त्याला तीन दिवस बसवून तपासलं होतं. तीन दिवस. आमची सात मिनिटं.

मी प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी मला बसायला सांगितलं नाही.

“त्यांच्याकडं रिपोर्ट आहे. तुमच्याकडं काय आहे?”

“सर, तपासणी नीट झाली नाही. मला परत अर्ज करायचाय. तोवर कॉलेजनं एक पत्र द्यावं, वर्गात काय होतं त्याचं. जीवशास्त्राच्या मॅडम सांगतील.”

मॅडमना बोलावलं. त्या दारात उभ्या राहिल्या. प्राचार्यांनी विचारलं, “काय हो, मुलीला काही प्रॉब्लेम आहे का?” मॅडमनी माझ्याकडं बघितलं, मग जमिनीकडं. “शांत असते, सर. त्रास काही नाही.” त्यांची नोकरी कायम नव्हती. मी समजू शकते. समजलं तरी लागायचं ते लागलं.

मग प्राचार्यांनी एक टाईप केलेला कागद पुढं केला. आधीच तयार होता. ‘माझ्या पाल्याच्या प्रकृतीच्या कारणास्तव मी स्वखुशीने तिचे नाव कॉलेजातून काढून घेत आहे.’ खाली माझं नाव छापलेलं, सहीसाठी रेघ.

“सतरा नंबरचा फॉर्म भरा, बाहेरून बसवा परीक्षेला. तिलाही बरं, आम्हालाही बरं. आमचा निकाल शंभर टक्के लागतो, ताई. एका पोरीसाठी तो का बिघडवायचा? तुम्हीच म्हणता तिला त्रास होतो.”

“प्रकृतीचं कारण म्हणजे काय, सर?”

“म्हणजे तेच, तुम्ही म्हणता ते.”

“मग पत्रात तेच लिहून द्या की. काढून टाकायला तिला आजार आहे, आणि खोली द्यायला ती नॉर्मल आहे?”

त्यांनी पेन पुढं केलं. “सही करा. वाद वाढवू नका. दूध डेअरीवर काम करता ना तुम्ही? माणसं ओळखीची आहेत आमची तिथं.”

हात पुढं जायला लागला होता. खरं सांगते. आयुष्यभर पुढं गेलेला हात तो. ताटली धरणारा, सुईत दोरा ओवणारा, बरं साहेब म्हणणारा. कागदावर माझी नजर ‘स्वखुशीने’वर थांबली. एकोणीस वर्षांत मी न घेतलेल्या नमुन्याचा आकडा लिहिलेला नाही. हा तर सरळ खोटा आकडा होता, आणि खाली सही माझी पाहिजे होती.

मी पेनाला टोपण लावलं आणि टेबलावर ठेवलं.

“नाही करत.”

“काय?”

“सही नाही करत. माझी खुशी नाही. डेअरीत सांगायचं ते सांगा.”

‘बरं’ न म्हणता वाक्य पूर्ण झालं.

यानंतर सगळं चांगलं झालं, असं लिहिता आलं असतं तर मी लिहिलं असतं. फेब्रुवारीत ती सगळ्यांबरोबर मोठ्या हॉलमध्ये बसली. तिच्या बाकाच्या बरोबर वर पंखा होता. भौतिकशास्त्राच्या पेपरला पहिली चाळीस मिनिटं तिनं लिहिलं. नंतर लिहिलं नाही. उठलीही नाही, कारण मी तिला सांगून ठेवलं होतं, काही झालं तरी उठू नकोस. तेही मीच शिकवलेलं. पेपर संपून बाहेर आली तेव्हा मनगटावरून रक्त ओघळून उत्तरपत्रिकेला लागलं होतं आणि पर्यवेक्षकांनी तिच्याकडून लिहून घेतलं होतं की पान तिच्याकडून खराब झालं.

निकाल लागला. एका विषयात नापास. गुणपत्रिका तिनं चार घड्या घालून तिच्या पुस्तकाखाली ठेवली. कॉलेजचा शंभर टक्क्यांचा फलक या वर्षी लागला नाही, हे मला शिपायाकडून मुद्दाम कळवण्यात आलं.

दरम्यान मी दवाखान्यातून त्या तपासणीच्या कागदाची प्रत मागितली. दोन अर्जांना उत्तर आलं नाही, तिसऱ्याला मिळाली. पहिल्या नऊ प्रश्नांपुढं आकडे होते. दहापासून चाळीसपर्यंत वरून खाली एकच रेघ ओढलेली. एकतीस प्रश्न, एक रेघ. आमच्या केंद्रावर नमुना न लावता कुणी अशी रेघ ओढली तर त्याच दिवशी त्याला घरी पाठवतात. ते दूध असतं. ही माझी मुलगी होती.

ती प्रत जोडून मी फेरतपासणीचा अर्ज केला. अर्जासोबत घरी रोज लेकीचं लिहून ठेवलेली वही दिली. एकसष्ट दिवसांच्या नोंदी. कुकरची शिट्टी, कानावर हात, अकरा मिनिटं. लग्नाचा बँजो, दोन गल्ल्या पलीकडं, पलंगाखाली, दीड तास. पाहुणे चार, तीन वाक्यं बोलली, नंतर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बोलली नाही. जसं झालं तसं. वाढवलं नाही, कमी केलं नाही.

आणि पहिल्या पानावर माझं लिहिलं. मागच्या तपासणीआधी चौदा दिवस मी हिला आरशापुढं उभी करून डोळ्यांत बघायला शिकवलं. ते तिचं बघणं नव्हतं, माझं होतं. खाली सही केली. ती सही खुशीनं केली.

येत्या मंगळवारची तारीख मिळाली आहे. तेच दालन, कदाचित तेच साहेब. काल तिनं स्वतःच कपाटाचं दार उघडलं आणि आरशापुढं जाऊन उभी राहिली. म्हणाली, “मम्मी, या टायमाला कितीपर्यंत मोजू?”

मी कपाट बंद केलं. “मोजू नकोस. बघावंसं वाटलं न्हाई तर बघू नकोस. नमस्कारबी करू नकोस. आखूड बाह्यांचा ड्रेस घाल.”

“आन ते रागावले तर?”

“रागावू देत.”

तिला ते पटलं की नाही, कळलं नाही. तिच्या चेहऱ्यावरून कळत नाही, आणि कळायला पाहिजे असा हट्ट मी सोडलाय.

कागद मिळेल का, मला माहीत नाही. जुलैच्या फेरपरीक्षेआधी मिळेल का, तेही माहीत नाही. मला एवढं माहीत आहे. त्या कागदावर चाळीस प्रश्न आहेत. मंगळवारी मी भिंतीवरचं घड्याळ बघेन आणि प्रश्न मोजेन. दहावा विचारा म्हणेन. मग अकरावा. दार उघडं असलं तर असू दे, बाहेर सतरा असोत की सत्तर.

चाळिसावा प्रश्न होईपर्यंत आम्ही त्या स्टुलांवरून उठणार नाही.